सहावा नंबर

बातमीदार मैदानाच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला, तरी एकही पोर लंगडायला लागलं नाही. त्याला नवल वाटलं.

एरवी रग्बीचा हंगाम सुरू होण्याआधी तो कुठल्याही शाळेच्या मैदानावर पाय ठेवायचा अवकाश, तिथे साथ आल्यासारखी दुखणी निघायची. सगळ्यात वेगवान पोराच्या गुडघ्याला पट्टी, सगळ्यात दांडग्याला ताप, आणि प्रशिक्षकाचा चेहरा एवढासा. "यंदा काही खरं नाही हो आमचं." कारण बातमीदाराच्या पेपरात दरवर्षी शाळांची क्रमवारी छापून यायची, आणि जिचं नाव वर, तिच्यामागे बाकीच्या सगळ्या हात धुऊन लागायच्या. तिच्या पोरांच्या डोक्यात हवा जायची ती वेगळीच. पहिला नंबर कुणालाच नको असायचा. बातमीदारही काही कमी नव्हता. तो पळणाऱ्या पोरांकडे बघायचाच नाही, पट्टी बांधून बसलेल्यांची तेवढी चौकशी करायचा.

इथे मात्र बाकडं रिकामं होतं. सगळी पोरं पळत होती, आणि शिट्टी वाजवत होता बातमीदाराचा सख्खा धाकटा भाऊ.

"दादा, ये ना आत. तिथे काय परक्यासारखा उभा राहिलायस?"

दादा आत गेला. भावाच्या गळ्यातली ती शिट्टी त्याच्या डोळ्यांत कायम सलायची. शाळेत असताना या टीमचा कर्णधार दादा होता, धाकटा नव्हे. आणि प्रशिक्षक नेमायची वेळ आली तेव्हा शाळेने बोलावलं धाकट्याला.

"आता हे बघ हं," धाकटा म्हणाला आणि शिट्टी फुंकली.

पोरांच्या घोळक्यातून चेंडू बाहेर आला. सगळे ज्याला पिटुकल्या म्हणत होते त्या ठेंगण्या पोराने तो उचलला, उजवीकडे फेकल्यासारखं केलं, आणि समोरची सगळी फौज उजवीकडे धावली. पिटुकल्याने मागे न बघताच चेंडू डावीकडे दिला. तिकडे एकच लांबटांग्या पोरगा होता. तो कुणाचा हात न लागता शेवटच्या रेषेपर्यंत गेला आणि चेंडू टेकवून आला. धाकट्याने तेच परत करायला लावलं, मग उलट्या बाजूने. चेंडू एकदाही सुटला नाही.

दादाच्या पोटात दुखायला लागलं. त्याने डोळ्यांत तेल घालून खोड शोधली. समोरच्याला आडवं पाडताना पोरांचं डोकं कुठे असतं ते पाहिलं. ते असायला हवं तिथेच होतं. दमल्यावर ती एकमेकांवर खेकसतात का ते पाहिलं; इथे पडलेल्याला उठवायला दोघंदोघं धावत होती. एवढी मैदानं पालथी घातली त्याने, पण यांच्या पासंगाला पुरेल अशी एक टीम दिसली नव्हती. हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

दरवर्षी तो इथे न फिरकताच या शाळेला सहाव्या नंबरावर टाकायचा. वर टाकलं तर भावाची तळी उचलली म्हणतील, असं ऑफिसात सांगायचा. खरं कारण त्याचं त्याला ठाऊक होतं.

"तुला अक्कल आहे का?" तो म्हणाला. "सगळे लपवतात, आणि तू कपाट उघडून दाखवावं तसं सगळं दाखवतोयस. मी पेपरवाला आहे."

धाकटा बाटलीतलं पाणी प्यायला. "तुझ्यापासून काय लपवायचं, दादा? तू आम्हाला वर टाकणारच नाहीस."

टोमणा नव्हता तो. शाळा सुटायची वेळ सांगावी तसं त्याने सांगितलं. "बाकीचे बिचारे पट्ट्या बांधत बसतात. मला कधी गरजच पडली नाही. तू सहावं टाकतोस, मग आमच्याकडे कुणी बघतच नाही. तसे उपकारच आहेत तुझे."

दादाची कानशिलं तापली. इतकी वर्षं आपण आतल्या आत जळत होतो, आणि हा शहाणा त्या जाळावर हात शेकत बसला होता.

"यंदा पहिला नंबर देतो तुला," तो म्हणाला.

सूड म्हणूनच म्हणाला. येऊ देत सगळ्या शाळा अंगावर. पिटुकल्याची ती चालही छापतो, बाण काढून. शिवाय एक अक्षर खोटं लिहावं लागणार नव्हतं.

धाकटा हसला. दादा हसत नाही हे पाहून थांबला. आता याचा चेहरा कसा पडतो ते बघत दादा उभा राहिला.

चेहरा पडला नाही.

"खरंच?" धाकट्याचा आवाज बारीक झाला. "तुला खरंच पहिली वाटली आमची टीम?"

"हात धुऊन मागे लागतील सगळे. हंगाम हातचा जाईल."

"गेला तर गेला. तू म्हणालास ना." तो पोरांना हाक मारायला वळला आणि हाक न मारताच तसाच उभा राहिला. शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले. नोकरी मिळाली त्या दिवशीसुद्धा तो एवढा खूश झाल्याचं दादाला आठवत नव्हतं.

आणि तेही दादाला बघवेना.

"बघू," तो म्हणाला. "अजून दोन शाळा राहिल्यात."

"हो, हो," धाकटा घाईघाईने म्हणाला. "सगळ्या नीट बघ, मगच लिही. मी थांबतो."

दादा फाटकाबाहेर आला आणि गाडीत बसला. बघायची एकही शाळा राहिली नव्हती.