शेवटून दुसरा परिच्छेद

"आज निबंध ऐकवल्याशिवाय तुला इथून हलू देणार नाही," मिस्टर हॅगन म्हणाले आणि बसल्या जागेवरूनच त्यांनी काठी मॅरिटच्या वाटेत आडवी धरली.

मॅरिट कसनुसं हसली. मेडिकलच्या अर्जासोबतचा तो निबंध तिने मंगळवारीच पाठवून दिला होता. आपल्याला डॉक्टर का व्हायचंय, ते त्यात पानभर लिहायचं असतं. तिने वृद्धाश्रमातल्या मिस्टर हॅगन यांच्यावर लिहिलं होतं. अर्जात सेवेचे दीडशे तास दाखवायचे म्हणून दीड वर्ष ती दर गुरुवारी दोन तास त्यांच्यापाशी येऊन बसत होती. निबंध चांगला उतरला होता. अडचण एवढीच होती की निबंधातले मिस्टर हॅगन फेब्रुवारीत वारले होते, आणि इथे जून महिन्यात ते खुर्चीत बसून लिंबाचा केक खात होते.

"मोबाइलमध्ये आहे. अक्षर फार बारीक दिसतं," ती म्हणाली.

"मग वाचून दाखव. कान शाबूत आहेत माझे."

चौतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निम्म्या गावाच्या निबंधांवर त्यांची लाल पेन्सिल फिरली होती, मॅरिटच्या आईच्याही. तिने वाचायला सुरुवात केली. नॉर्थ डकोटाच्या थंडीवर ते कशी भाषणं ठोकतात ते आलं, तेव्हा ते डोळे मिटूनच "बरं जमलंय" म्हणाले. मग फेब्रुवारी आला. मॅरिटने तो परिच्छेद गाळला आणि थेट शेवट गाठला. "तेव्हा मला कळलं, की डॉक्टरचं काम फक्त बरं करणं नसतं."

मिस्टर हॅगन यांनी डोळे उघडले. "केव्हा?"

"काय केव्हा?"

"'तेव्हा मला कळलं' म्हणतेस. केव्हा कळलं? मधला एक परिच्छेद खाल्लास तू, पोरी. आण इकडे."

तिला मोबाइल बंद करता आला असता. पण त्या पुढे केलेल्या हाताला नाही म्हणायची सवय गावात कुणालाच नव्हती. तिने मोबाइल दिला. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि एकेक ओळ वाचायला घेतली. फार वेळ लागला. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. मदतनीस बाई आली, दोघांच्या कपांत कॉफी ओतून गेली. मॅरिट बुटांकडे बघत बसली. तिचे कान तापले होते. तो परिच्छेद तिला तोंडपाठ होता. लिहिताना ती चक्क रडली होती, आणि आता त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

"पहाटे गेलो मी," अखेर ते म्हणाले. "तुझा हात धरून. तुला 'थँक यू' म्हणून."

"मिस्टर हॅगन, मी..."

"थांब. लिहिलंयस छान. अख्ख्या निबंधात हाच परिच्छेद जमलाय. वाईट वाटतं ते त्याचंच."

"आमच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, पुढे काय झालं त्या आजोबांचं? नुसत्या गप्पांवर निबंध संपत नाही म्हणाल्या." मॅरिटची जीभ अडखळत होती. "माझ्या तोंडून निघून गेलं, की वारले. त्या इतक्या हळहळल्या, की मग लिहावंच लागलं."

"आणि पाठवलास?"

"मंगळवारी. आता बदलता येत नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ती रडली असती, ते विरघळले असते, संपलं असतं. पण ते सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसत राहिले.

"फेब्रुवारीत मला न्यूमोनिया झाला होता खरा," ते म्हणाले. "मुलीला फोन गेला होता, निघायच्या तयारीत राहा म्हणून. तू आली नव्हतीस तेव्हा."

"परीक्षा होती. रसायनशास्त्राची."

"हो, सांगितलं होतंस तू. मी काही मनात धरलं नाही."

खरोखरच धरलं नव्हतं. त्यांच्या आवाजात टोमणा शोधूनही सापडेना, आणि मॅरिटला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दीडशे तास आज पुरे झाले ना?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. ऑफिसातून सही घेतलेला कागद तिच्या पिशवीत होता. आज शेवटचा दिवस, हे ती निघताना सांगणार होती. खरं म्हणजे सांगणारच नव्हती.

"मी येत जाईन ना. अधूनमधून."

"ठीक." त्यांनी मोबाइल परत केला. "मग एक सांग. मी खरोखर जाईन, त्या दिवशी येशील? इथे लिहिलंयस तशी, हात धरायला?"

"हो," मॅरिट लगेच म्हणाली.

"इतक्या पटकन नको. विचार करून सांग."

त्यांनी चष्मा सारखा केला, हाताची घडी घातली आणि ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती.