घोडीवरचं अक्षर

सुवर्णाने डब्यातून कापडाची पुरचुंडी काढली, तसे हिंमतराव खुर्चीत पुढे सरकले. पुरचुंडीत घोडी होती. रुद्रवीणेच्या तारा जिच्यावरून जातात, तो शिंगाचा छोटा तुकडा.

"हे घरी काऊन नेलं होतं तू?"

"साफ कराले, काका. वरून कानस नाही लावली. तुमच्या बाबांनी घासून घासून जो आवाज बसवला, तो इथंच आहे. असं शिंग आता भेटत नाही."

हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं. हिंमतरावांनी घोडी उजेडात धरली. जुना पिवळा डाग दिसला. हीच होती. पण डाग काय, कोणीही पाडेल. आणि उद्या पुन्हा नेली तर? संशयाला औषध नसतं. वडील गेल्यापासून वीणा भिंतीवर मुकी होती. तो आवाज एकदा कानावर पडावा, या एकाच इच्छेपायी त्यांनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या या पोरीला लोणारहून सुलतानपूरला बोलावलं होतं. आणि ती कामाला बसली की हे समोर राखणीला बसत.

सुवर्णाने घोडी बसवली, तारा ढिल्याच अडकवल्या. तेवढ्यात आतून हिंमतरावांच्या बायकोने, आशाबाईंनी हाक मारली, "चाल बाई, दोन घास खाऊन घे. मंग ओढ तारा."

ती आत गेली आणि हिंमतरावांनी दाभण आणली. या घरात ताट, वाटी, घागर, सगळ्यांवर नाव आहे. लग्नाकार्यात भांडी गावभर हिंडतात. नाव असलं की मुकाट घरी येतात. त्यांनी मधली तार बाजूला सारली आणि घोडीच्या पाठीवर बारीक 'हिं' कोरलं. भुसा फुंकला, तार जागेवर ठेवली. आता त्यांना कुठे जरा बरं वाटलं.

जेवून आल्यावर सुवर्णाने तारा ओढल्या, सुरात घेतल्या. एक भोपळा खांद्यावर टेकवून तिने मधली तार छेडली.

आवाज फाटका आला. तडा गेलेल्या मडक्यासारखा. तिने पुन्हा छेडली. पुन्हा तसाच.

"बदलली तू घोडी!" हिंमतराव उठलेच. "तारा ओढता ओढता बदलली! पण मीबी काही कच्चा नाही. माही खूण आहे तिच्यावर!"

त्यांनी वाकून तार बाजूला केली. अक्षर तिथेच होतं.

सुवर्णा त्या अक्षराकडे बघत राहिली. "हे कोणं कोरलं?"

"आमच्या घरी दुसरं कोण कोरते, बाई?" दारातून आशाबाई म्हणाल्या.

सुवर्णाचे डोळे भरून आले. तिने कानस हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"घासा लागीन, काका. अक्षर जाईन, आवाज साफ होईन. पण मंग तो माह्या हातचा असंन. बाबांचा नाही."

हिंमतराव खाली बसले. मग त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि ते अक्षर पुसून पाहिलं.