बंद करा

“आधी तो फोन खाली घ्या,” फौजदारबाई म्हणाल्या.

तक्रार द्यायला आलेली बाई अजून खुर्चीत टेकलीही नव्हती. हातातला फोन उंच धरून ती स्वतःच्याच चेहऱ्याशी बोलत होती. “मंडळी, आज आम्हाला कुठे यावं लागलंय बघा...” शेजारी तिची तेरा वर्षांची मुलगी उभी होती, शाळेच्या गणवेशात, पाठीला दप्तर.

“दोनच मिनिटं, मॅडम. लोक काळजीत आहेत हो.”

फौजदारबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘आत फोटो व शूटिंग करण्यास सक्त मनाई.’

“इथे कुणालाच चालत नाही. मंत्री आला तरी नाही.”

आईने नाक मुरडून फोन पर्समध्ये टाकला. मुलगी पाटी वाचत राहिली. सहा-सात शब्दांची पाटी, पण तिचं वाचून संपेना.

प्रकरण असं होतं. आईचं ‘सोनुलीची दुनिया’ नावाचं चॅनल होतं. सोनुली म्हणजे ही मुलगी. पाळण्यात होती तेव्हापासून रोज एक व्हिडिओ. आता सहा महिने झाले, ‘बंद करा’ असं नाव घेतलेलं कुणीतरी प्रत्येक व्हिडिओखाली लिहीत होतं.

“घरातलं बारीकसारीक ठाऊक आहे मेल्याला,” आई म्हणाली. “तुम्हीच वाचा.”

फौजदारबाईंनी टेबलावरच्या संगणकावर चॅनल उघडून वाचलं. ‘आज ती दिवसभर जेवली नाही, ते का नाही दाखवलं?’ ‘तिच्या खोलीची कडी कुणी काढली?’ आणि काल संध्याकाळचं शेवटचं, ‘रविवारचा व्हिडिओ टाकलात तर सोमवारी मुलगी दिसणार नाही.’

“उद्याच रविवार,” आई म्हणाली. “पळवून नेणार आहे तो हिला.”

“कडीचं काय?”

“ती आम्हीच काढली. सकाळी हिला उठवतानाचं शूटिंग खरंखुरं वाटायला हवं ना. ही आतून कडी लावून बसते, मग सगळाच विचका होतो.”

फौजदारबाईंनी एकवार मुलीकडे पाहिलं. ती नखाजवळची साल सोलत होती.

“आणि रविवारी काय टाकणार आहात?”

आईचा चेहरा खुलला. “सोनुली मोठी झाली, मॅडम. मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच. अशी रडली, अशी बिलगली मला. सगळं घेतलंय. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल.”

 फौजदारबाईंनी जुन्या व्हिडिओंखालचं वाचायला घेतलं. खाली बाप्यांची ही रांग लागलेली. ‘सोनुली किती पटकन मोठी झाली.’ ‘पोहण्याचा तो व्हिडिओ परत टाका ना, ताई.’ लिहिणाऱ्याच्या फोटोत टक्कल होतं आणि मांडीवर नातवंड.

“हे कोण सगळे?”

“चाहते आहेत. जीव टाकतात हिच्यावर.”

फौजदारबाईंना शिसारी आली. नोकरीत त्यांनी नाल्यातून काढलेली प्रेतं पाहिली होती आणि घरी जाऊन पोटभर जेवल्या होत्या. आज समोरचा चहा त्यांनी न पिताच बाजूला सारला.

“यांच्याबद्दल तक्रार नाही तुमची?”

“यांनी काय वाईट केलंय? तो ‘बंद करा’ मात्र वर कंपनीला कळवत बसतो. चार व्हिडिओ उडाले आमचे.”

“घरात कोण कोण असतं?”

“आम्ही दोघी. हिचे बाबा बोटीवर असतात. आणि माझा भाऊ येतो, कॅमेरा धरायला.”

“रोज?”

“रोज. सख्खा मामा आहे हिचा.”

फौजदारबाईंनी पेन खाली ठेवलं. घरात ऊठबस, हातात कॅमेरा, कडीची माहिती. असले मामा त्यांनी कमी पाहिले नव्हते. त्या संतापाने लाल झाल्या, पण आवाज चढू दिला नाही.

“ताई, तुम्ही जरा बाहेर बसा. मला मुलीशी एकटीशी बोलायचंय.”

“बाहेर शूटिंग केलं तर चालेल ना?”

“फाटकाच्या बाहेर काय हवं ते करा.”

आई पर्समधून फोन काढतच बाहेर गेली. फौजदारबाईंनी दार लोटलं आणि आतून कडी लावली. त्या आवाजाने मुलीने वळून पाहिलं.

“बस, बाळ. मामा त्रास देतो का तुला?”

“नाही. तो फक्त कॅमेरा धरतो.”

“खरं सांगितलंस तरी कुणी रागावणार नाही.”

“खरंच नाही.”

“बरं. नाही सांगितलंस तरी चालेल. ‘बंद करा’ कुठल्या फोनवरून लिहितो, ते मला आज कळेलच. मग त्याला उचलून आणते.”

“कुठे?”

“इथेच. कोठडीत.”

मुलगी विचारात पडली. “तिथे आईला येता येतं?”

“मी येऊ दिलं तर.”

“आणि शूटिंग?”

“पाटी वाचलीस ना तू? कुणालाच नाही.”

“उद्या पण इथेच ठेवाल?”

“उद्याही आणि सोमवारीही. तू अजिबात घाबरू नकोस.”

मुलीने दप्तर पुढे घेतलं. चेन उघडून तिने आत खोलवर हात घातला आणि डब्याच्या पिशवीत गुंडाळलेला, काच तडकलेला एक जुना फोन काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर ‘बंद करा’चं खातं उघडं होतं.

“मग मला आत्ताच ठेवा ना,” ती म्हणाली.