काळी नळी

प्रयोगशाळेतला बिघडलेला दिवा आज बदलून आला होता. हेमांगीने काळा पडदा ओढला आणि दिवा लावला. जांभळ्या उजेडात डावीकडची नळी निळीशार उजळली. तिच्यात शुद्ध ब-१ जीवनसत्त्व होतं. उजवीकडे तान्ह्या बाळांच्या दूध पावडरचा नमुना होता. ती नळी काळीच राहिली, म्हणजे तिच्यात ब-१ नव्हतंच.

आपलंच काहीतरी चुकलं असेल, अशी मनाची समजूत घालत तिने त्याच खेपेचा दुसरा डबा फोडला. रसायनाचे थेंब जपून घातले. नळी काळी ती काळीच.

तपासणीला आलेल्यांतले जास्तीचे डबे ज्याच्या घरी तान्हं, त्याने न्यायचे, ही प्रयोगशाळेतली जुनी रीत. नावाजलेल्या कंपनीचा माल, त्यासाठी अहवालाची वाट कोण बघतो? दिवा बंद होता तो अख्खा महिना तिचं बाळ याच पावडरीवर होतं. आणि ब-१ मिळालं नाही की तान्ह्याचा आधी आवाज बसतो, मग हृदय थकतं, हे तिला पाठ होतं.

तिने घरी फोन लावला. "आई, बाळ काय करतंय?"

"पडलंय पाळण्यात," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "परवापर्यंत घर डोक्यावर घेत होतं, आता कसं गुणाचं झालंय बघ. सकाळपासून रडायला नुसतं तोंड उघडतंय, आवाज म्हणून करत नाही."