चवीपुरतं मीठ

पहिला घास तोंडात गेला आणि जावयाचा चेहरा बदलला. तो भरल्या ताटावरून उठून आत गेला. सासूबाईंनी भाजी चाखून पाहिली, तर नुसतं मीठ!

"अगं, किती खारट केलीस ही!"

"मला तर बरोबर लागतेय," लेक म्हणाली.

तेवढ्यात जावई एका हातात पाणी आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन परत आला.

"आई आल्यापासून ही गोळी राहिलीच ना घ्यायची?"

लेकीनं जीभ चावली.

"हिच्या शरीरात एक हार्मोन तयारच होत नाही, आई," तो सासूबाईंना म्हणाला. "ते गोळीतून द्यावं लागतं. गोळी चुकली की अंगातलं मीठ टिकत नाही, मग जीभ मीठ मागत सुटते. भाजी खारट लागली की मी आधी गोळ्या बघतो."

लेकीनं गोळी गिळली. सासूबाईंनी ओशाळून हात पुढे केला. "द्या ते ताट. दुसरं काहीतरी करते पटकन."

जावयानं ताट आपल्याकडे ओढलं.

"राहू द्या, आई. हिच्या हातचं इतकं मीठ खाल्लंय, त्याला जागायला नको?"