पांढरा युनिफॉर्म

दादा आर्मीत हेलिकॉप्टर उडवायचा. आईजवळ मुंबईत राहता यावं म्हणून त्याने स्वतःहून नेव्हीत ट्रान्सफर मागितली. मिळालीपण.

आमच्या काळाचौकीच्या चाळीत मात्र हिराकाकूने पसरवलं, "आर्मीने हाकलला असणार. चांगली नोकरी अशी कोण सोडतं रे?"

आई दोन वर्षं तिच्याशी भांडली. ट्रान्सफरचं पत्र फ्रेम करून दाराबाहेर लावलं. काकूने कधी वाचलं नाही.

गेल्या मंगळवारी वादळात बुडत्या बोटीवरची माणसं वाचवताना दादा गेला. पांढऱ्या युनिफॉर्ममधले नेव्हीवाले त्याला तिरंग्यात गुंडाळून चाळीत घेऊन आले. सगळ्यांनी सलामी दिली. आई ती फ्रेम छातीशी धरून उभी होती.



मागून हिराकाकू नवऱ्याला हळूच म्हणाली, "बघितलंत? आर्मीचा एक माणूस तरी आलाय का?"