शुक्राचा चंद्र

रसायनं आणि ग्रहताऱ्यांवर अच्युतने लिहिलेल्या वीस लेखांचं पुस्तक निघालं. पहिली प्रत त्याने चंडीगडहून साताऱ्याला आईकडे पाठवली. आईचा फोन आला, तो थेट नातीला. "क्षितिजा, माझ्या डोळ्यांना हे बारीक अक्षर झेपत नाही गं. रोज एक लेख वाचून दाखवशील?"

चंडीगडातच वाढलेल्या क्षितिजाला मराठी समजायचं, पण उत्तर द्यायची ती हिंदीत. सेक्टर ३४च्या क्लासवरून आली की फोन स्पीकरवर टाकून ती अडखळत वाचायची. पहिल्या संध्याकाळी तिने विचारलं, "आजी, ये तुरटी क्या होती है?" सहाव्या संध्याकाळी म्हणाली, "आजी, थांब ना! गंज म्हणजे काय, ते आधी सांग." ते ऐकता ऐकता स्वयंपाकघरात अच्युतचा पराठा तव्यावर करपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्याला फोन केला.

"अच्युत, शेवटच्या लेखात तू शुक्राला एक चंद्र दिलायस. शुक्राला कुठला रे चंद्र? पुढच्या आवृत्तीत काढून टाक."

"काढतो. पण आई, क्षितिजा तर अजून सहाव्याच लेखापर्यंत पोचलीय."

आईने आवाज खाली आणला.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय! पहिल्याच दिवशी वाचून संपवलं मी. पण तिला बोलू नकोस हं. अजून चौदा लेख ती माझ्याशी मराठीत बोलणार आहे."